लाज कोणाला, ओशाळावे कोणी?

'लाज वाटली पाहिजे' हे वाक्य मराठी सार्वजनिक जीवनात रोज कुठे ना कुठे ऐकू येते. सभागृहातील गदारोळात ते असते, मोर्चाच्या फलकावर असते, दूरचित्रवाणीवरील चर्चेत असते आणि रस्त्यावर वाहनाला वाहन घासल्यानंतरच्या बाचाबाचीतही असते. या वाक्याचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. ते नेहमी दुसऱ्याला उद्देशून असते. 'मला लाज वाटते' असे चारचौघांत म्हणणारा माणूस विरळाच. जी भावना मुळात स्वत:ला वाटावयाची, तिचा उच्चार दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यासाठीच होऊ लागला, तर त्या शब्दाचे काय होते आणि तो वापरणाऱ्या समाजाचे काय होते, हा प्रश्न केवळ भाषेच्या अभ्यासकांपुरता राहत नाही.

या भावनेसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. लाज, लज्जा, शरम, संकोच, भीड, चाड ही नामे आहेत. लाजणे, शरमणे, वरमणे, ओशाळणे, खजील होणे, कानकोंडे होणे ही क्रियापदे आहेत. यातील प्रत्येकाची छटा वेगळी आहे आणि एकाच्या जागी दुसरा शब्द चपखल बसत नाही. नवी नवरी लाजते, ती ओशाळत नाही. चोरी पकडली गेलेला नोकर खजील होतो, तो लाजला असे कोणी म्हणत नाही. आपल्यावरून दोघांत वाद सुरू झाला की पाहुणा कानकोंडा होतो. त्याने काही चूक केलेली नसते, तरी बसल्या जागी त्याला अवघडल्यासारखे होते. वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात चूक दाखवून दिली की तावातावाने बोलणारा तरुण वरमतो.

तीन भाषांचे देणे

'लाज' हा शब्द संस्कृत 'लज्जा' या शब्दावरून आला. 'शरम' फारसीतून आला आणि 'खजील' हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत रुजला. लाज नसलेल्या माणसालाही त्यामुळे निरनिराळी विशेषणे मिळाली. संस्कृत वळणाचा 'निर्लज्ज', फारसी वळणाचा 'बेशरम' आणि अस्सल मराठी घडणीचा 'निलाजरा'. लाजेचा जोडीदार असलेला 'अब्रू' हा शब्दही फारसी आहे. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, चेहऱ्याचे तेज. न्यायालयातील 'अब्रुनुकसानी'चा दावा हा या अर्थाने चेहऱ्याचे तेज उतरविल्याबद्दलचा दावा ठरतो.

एक गैरसमज मात्र दूर करावयास हवा. विवाहविधीतील 'लाजाहोम' या शब्दाचा लाजेशी काही संबंध नाही. संस्कृतात 'लाजा' म्हणजे लाह्या. वधूवर अग्नीत लाह्यांची आहुती देतात म्हणून तो लाजाहोम. वधू लाजते म्हणून नव्हे.

लोकभाषेने ही भावना वनस्पतींवरही आरोपित केली. स्पर्श होताच पाने मिटून घेणारे झुडूप 'लाजाळू' ठरले. पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतून पाणी निघून जाते आणि पान मिटते. काही मिनिटांनी ते पुन्हा उमलते. उलट, ओढ्याकाठी, पडीक जमिनीत, तोडून फेकले तरी कांडीपासून पुन्हा मूळ धरणाऱ्या झुडपाला महाराष्ट्राच्या अनेक भागांत 'बेशरम' म्हणतात. दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतल्या. त्या येथे आल्या आणि येथल्या माणसांनी त्यांना आपल्या मनातील दोन टोकांची नावे दिली.

व्याकरण काय सांगते?

या शब्दांचे व्याकरणही बोलके आहे. 'मी लाजतो' आणि 'मला लाज वाटते' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्या वाक्यात कर्ता स्वत: क्रिया करतो आणि अर्थ बहुधा सलज्जतेचा, बुजरेपणाचा असतो. दुसऱ्या वाक्यात 'मी' हा कर्ता राहत नाही. भूक लागावी, थंडी वाजावी तशी लाज माणसाला 'वाटते'. ती बोलावून येत नाही आणि घालवून जात नाही. म्हणूनच 'लाज वाटून घे' ही आज्ञा कानाला खटकते. भाषेला ठाऊक आहे की भावना हुकमावरून निर्माण होत नाही.

'लाज बाळग', 'जरा लाज धर' या आज्ञा मात्र सहज दिल्या जातात. कारण तेथे अपेक्षा भावनेची नसून वर्तनाची असते. 'बाळगणे' म्हणजे जवळ ठेवणे, जपणे. लाज ही जपावयाची वस्तू मानली, की ती 'राखता' येते, 'सोडता' येते, 'गुंडाळून ठेवता' येते आणि अगदी 'कोळून पिता'ही येते. 'लाजवणे' हे प्रयोजक रूपही आहे. पण तेही बातम्यांमध्ये 'तरुणांना लाजवेल असा उत्साह' या ठरीव शब्दप्रयोगापुरते उरले आहे.

'ओशाळणे' या क्रियापदाची गोष्ट निराळी आहे. 'ओशाळ!' अशी आज्ञा कोणी देत नाही. दुसऱ्याला ओशाळण्यास भाग पाडणारे रूपही वापरात जवळपास नाही. हा शब्द ज्याला ती भावना होते त्याच्याच ताब्यात राहतो. 'आपण उगाच बोललो हे लक्षात येताच तो ओशाळला' या वाक्यात कोणी त्याला ओरडलेले नाही, गर्दी जमलेली नाही. चूक त्याची त्याला उमगली आहे. ओशाळवाणे हसू हे त्या उमगण्याचेच चिन्ह असते. 'ओशाळा' हे विशेषण उपकाराखाली दबलेल्या माणसालाही लावले जाते. 'मी कोणाचा ओशाळा नाही' असे म्हणणारा, आपण कोणाचे मिंधे नाही, हेच सांगत असतो. म्हणजे ओशाळण्यात दुसऱ्याचे काही तरी देणे लागतो, ही जाणीव अंतर्भूत आहे.

जनाची आणि मनाची

'जनाची नाही, तर मनाची तरी बाळगावी' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज असते. तिच्यात 'लाज' हा शब्द उच्चारावाही लागत नाही, इतकी ती रुळलेली आहे. तिने लाजेचे दोन भाग केले आहेत. एक लोकांच्या नजरेमुळे वाटणारी आणि दुसरी स्वत:च्या मनापुढे वाटणारी. म्हणीचा रोखही स्पष्ट आहे. जनाची लाज सुटली, तरी मनाची सुटू नये. शेवटचा आधार तोच आहे.

हा भेद फार जुना आहे. संस्कृत 'अमरकोशा'त लाजेचे पर्याय म्हणून मन्दाक्ष, ह्री, त्रपा, व्रीडा आणि लज्जा हे शब्द दिले आहेत आणि हीच लाज दुसऱ्यामुळे वाटत असेल तर तिला 'अपत्रपा' हे वेगळे नाव दिले आहे. यातील 'मन्दाक्ष' म्हणजे मंदावलेली, झुकलेली दृष्टी. लाज प्रथम डोळ्यांत दिसते, हे निरीक्षण त्या शब्दातच आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने 'व्रीडा' ही 33 व्यभिचारी भावांपैकी एक मानली. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण मोजताना अहिंसा, सत्य, अक्रोध यांच्या पंक्तीत 'ह्री'ला बसविले आहे. तेथे लाज हा दुबळेपणा नसून सद्गुण आहे.

बौद्ध परंपरेने तर या दोन भावनांवर समाजाचा डोलारा उभा असल्याचे मानले. पाली भाषेत त्यांना 'हिरी' आणि 'ओत्तप्प' म्हणतात. स्वत:च्या योग्यतेची बूज राखून वाईटापासून मागे हटविते ती हिरी. निंदा आणि परिणाम यांच्या भयाने मागे हटविते ते ओत्तप्प. अंगुत्तर निकायात या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धर्म म्हटले आहे. त्यातील एक जरी ढासळला, तरी नात्यांच्या मर्यादा राहणार नाहीत, असा त्यामागचा विचार आहे.

आधुनिक काळात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी 1946 मध्ये जपानी समाजावरील आपल्या ग्रंथात लज्जाप्रधान आणि अपराधभावप्रधान संस्कृती असा भेद मांडला. लोक काय म्हणतील या धाकावर चालणारा समाज आणि सदसद्विवेकाच्या टोचणीवर चालणारा समाज, अशी ती विभागणी होती. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. मराठीपुरते बोलावयाचे, तर ही विभागणी अपुरीच पडते. 'अपराधीपणा' हा शब्द मराठीत काहीसा पुस्तकी वाटतो हे खरे. पण मनाची लाज, टोचणी, खंत, ओशाळणे हे घरगुती शब्द तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

चुकीच्या दारात गेलेली लाज

अडचण निर्माण होते ती जनाची लाज मनाच्या लाजेला गिळून टाकते तेव्हा. लोकांच्या नजरेची लाज न्याय जाणत नाही. ती अपराध कोणी केला हे पाहत नाही, गाजावाजा कोणाचा झाला एवढेच पाहते. त्यामुळे ज्याने अन्याय केला तो उजळ माथ्याने वावरतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो तोंड लपवतो. 'बभ्रा होईल', 'चार लोकांत काय तोंड दाखवायचे' या वाक्यांनी किती तक्रारी पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचूच दिल्या नसतील, याची मोजदाद होऊ शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे ओझे दुहेरी आहे. लाज हा स्त्रीचा दागिना, असे सांगत तिला वाढविले जाते आणि दागिना हिसकावला गेला, की चोराऐवजी तिलाच जबाबदार धरले जाते. कायद्याची भाषाही या कल्पनेतून पूर्णपणे सुटलेली नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम 354 मधील गुन्ह्याला मराठीत 'विनयभंग' हा शब्द रूढ झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा कलम 74 मध्ये आहे.

या कलमाचा अर्थ लावताना 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक विलक्षण प्रश्न आला होता. पंजाबातील त्या खटल्यात अत्याचार झाला होता तो साडेसात महिन्यांच्या बालिकेवर. इतक्या लहान मुलीत लज्जेची जाणीवच विकसित झालेली नसते. मग हे कलम लागू होईल काय? उच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय फिरविला. पीडितेला लाज वाटली की नाही, ही गुन्ह्याची कसोटी असू शकत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. स्त्रीचा हा अधिकार तिच्या जन्मापासून तिच्याजवळ असतो. तो तिच्या वयावर वा जाणिवेवर अवलंबून नाही. शब्दाचाच विचार करावयाचा, तर अशा घटनेत विनय भंगतो तो वस्तुत: गुन्हेगाराचा. भाषा मात्र तो भंग पीडितेच्या खात्यावर मांडते.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे 1983 पासून आपल्याकडे दंडनीय आहे. समाज लाज चुकीच्या दारात नेऊन टाकतो, तोवर या संरक्षणाची गरज राहणारच. फ्रान्समधील आविन्यों येथे 2024 मध्ये चाललेल्या खटल्यात जिझेल पेलिको यांनी मात्र नाव गुप्त ठेवण्याचा आपला हक्क स्वत:हून सोडला आणि सुनावणी खुली ठेवावयास लावली. लाजेने आता आपली बाजू बदलावी, पीडितेकडून ती अपराध्याकडे जावी, हा त्यामागचा आग्रह होता. डिसेंबर 2024 मध्ये त्या खटल्यातील सर्व 51 आरोपी दोषी ठरले. असा निर्णय घेणे प्रत्येकीला शक्य नसते आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण 'लाज कोणाची' हा प्रश्न त्या निर्णयाने जगापुढे नेमका मांडला.

लाजेचे हत्यार

लाजेचा उपयोग शासनही करून पाहते. महाराष्ट्रात 2000 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावी मोठे काम केले. उघड्यावर शौचास जाणाऱ्यांना रोखण्यासाठी पुढे 'गुड मॉर्निंग' पथके निघाली. पहाटे गावाबाहेर थांबावयाचे आणि येणाऱ्याच्या हाती गुलाबाचे फूल द्यावयाचे, अशी ही गांधीगिरी. ज्याच्या घरी जागा, पैसा आणि पाणी असूनही आळस होता, त्याला ती लागू पडली. परंतु ज्या कुटुंबाकडे शौचालयापुरती जागाच नव्हती, त्याला ते फूल टोचलेच असणार. त्या घरातील बाई अंधारात बाहेर पडत होती ती लाज नव्हती म्हणून नव्हे, तर लाज होती म्हणूनच.

कर थकविणाऱ्यांच्या दारात बँड वाजविण्याचा प्रयोगही काही महापालिकांनी केला आहे. ऐपत असून कर बुडविणाऱ्याची फजिती झाली, याचे शहरवासीयांना समाधान वाटते. हाच मार्ग सावकाराने किंवा वसुली करणाऱ्याने संकटात सापडलेल्या कर्जदाराबाबत अवलंबिला, तर मात्र तो जिवावर बेतू शकतो. 12 ऑगस्ट 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकात कर्जवसुलीसाठी कर्जदाराची सार्वजनिक मानहानी करण्यास आणि त्याच्या कुटुंबीयांच्या वा मित्रांच्या खासगीपणात शिरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. देणे वसूल करणे हा हक्क आहे. चव्हाट्यावर अब्रू काढणे हा त्या हक्काचा भाग नाही.

मानसशास्त्र यामागचे कारण सांगते. अपराधाची जाणीव 'मी चूक केली' असे म्हणते आणि चूक दुरुस्त करण्याचा मार्ग मोकळा ठेवते. चारचौघांत लादलेली लाज 'मीच वाईट आहे' असे म्हणावयास लावते आणि दुरुस्तीस जागाच ठेवत नाही. मग माणूस एक तर कोसळतो किंवा कोडगा होतो. 'निर्लज्जम् सदा सुखी' हे वचन अशाच कोडगेपणाचे चेष्टेतील वर्णन आहे.

शरम आणि माफी

सार्वजनिक जीवनात शरमेचा आणखी एक वापर आढळतो. माफी टाळण्यासाठी केलेला. जालियनवाला बाग हत्याकांड 13 एप्रिल 1919 रोजी घडले. फेब्रुवारी 2013 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी अमृतसरला भेट देऊन अभ्यागतांच्या वहीत ती अत्यंत लाजिरवाणी घटना असल्याचे नोंदविले. एप्रिल 2019 मध्ये शताब्दीपूर्वी पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तिला इतिहासावरील लाजिरवाणा डाग म्हटले आणि खेद व्यक्त केला. अधिकृत माफी मात्र दोघांनीही मागितली नाही. घटना लाजिरवाणी असते, तेव्हा लाज घटनेला चिकटते. 'आम्हाला लाज वाटते आणि आम्ही क्षमा मागतो' असे म्हटले, तरच ती माणसांपर्यंत पोहोचते.

मराठी सार्वजनिक भाषेतही हीच युक्ती रुळली आहे. 'ही शरमेची बाब आहे' या वाक्याला कर्ता नसतो. 'महाराष्ट्राची मान शरमेने खाली गेली' यात सर्वांचीच मान खाली जाते, म्हणजे वास्तविक कोणाचीच जात नाही. 'भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत' यातील 'असल्यास' हा शब्द सगळी दिलगिरी पुसून टाकतो. खेद दुसऱ्याच्या दु:खाबद्दलही वाटू शकतो, दिलगिरी शिष्टाचारापोटीही व्यक्त होते. क्षमा मात्र चूक मान्य केल्याखेरीज मागता येत नाही. हे शब्द एकाच अर्थाचे समजून वापरले, की जबाबदारी निसटण्यास फट मिळते.

म्हणूनच 'ओशाळणे' या साध्या, घरगुती शब्दाची आठवण ठेवणे महत्त्वाचे ठरते. त्यात आरडाओरडा नाही, गर्दी नाही, कोणाची धिंड नाही. लाजाळूचे पान मिटून पुन्हा उमलावे, तसा ओशाळलेला माणूस चूक सुधारून पुन्हा मान वर करू शकतो. एखादा अधिकारी, पुढारी, शिक्षक किंवा घरातील कर्ता पुरुष 'माझे चुकले' असे म्हणून ओशाळतो, तेव्हा त्याची अब्रू जात नाही, उलट राहते. 'लाज वाटली पाहिजे' असे दुसऱ्याला सुनावणे सोपे आहे. त्या वाक्याच्या प्रारंभी 'मला' हा शब्द ठेवून पाहणे अवघड आहे. मनाची लाज तेथूनच सुरू होते.